दापुऱ्याचे शेतकरी, लोकांच्या वाटेवरचे संत : श्री गाडगे महाराज

आषाढी-कार्तिकीच्या वारीस पंढरपुरी येणाऱ्या, गोदास्नानासाठी नाशिक क्षेत्री उतरणाऱ्या किंवा माउलींच्या समाधिदर्शनासाठी आळंदीस मुक्काम करणाऱ्या असंख्य भाविकांना श्री संत गाडगे महाराजांच्या धर्मशाळांनी आजवर आसरा दिला आहे. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका हाती खराटा आणि दुसऱ्या हाती मातीचे गाडगे अशी महाराजांची तसबीर महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहे. परंतु ज्या हातांनी पुढे अर्धशतकभर खराटा चालविला, त्या हातांनी त्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे वखर आणि तिफण चालविली होती, याची जाणीव थोड्याच यात्रेकरूंना असते. महाराज विरक्त झाले ते संसारात अपयश आले म्हणून नव्हे. हातात भरलेले शेत होते, दावणीला बैल होते, घरात माणसे होती. असे असताना ते निघाले. म्हणून त्यांच्या चरित्राचा हा पूर्वभाग समजून घेतल्यावाचून उत्तरभागाचे मोल नीट कळत नाही.

बालपण

महाराजांचा जन्म दिनांक २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या पर्वावर, अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव या खेड्यात परीट कुळात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी जाणोरकर, मातोश्रींचे नाव सखूबाई. मुलाचे नाव डेबूजी ठेवण्यात आले. झिंगराजी स्वभावाने वाईट नव्हते. पण दारूच्या व्यसनाने त्यांना ग्रासले. देवाच्या नावाने कोंबडे-बकरे कापायचे आणि प्रसाद म्हणून दारू प्यायची, ही त्या काळची सर्वत्र रूढ चाल होती. त्या चालीतच घरची स्थिती खालावली, प्रकृती ढासळली, आणि डेबू अवघा आठ वर्षांचा असताना झिंगराजींनी जगाचा निरोप घेतला. पुढे महाराजांच्या कीर्तनात दारूचा विषय निघाला की त्यांचा आवाज का पालटत असे, याचे उत्तर शेंडगावच्या त्या घरात सापडते.

सखूबाई पोरक्या मुलाला घेऊन माहेरी आल्या. माहेर म्हणजे अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभानजी यांच्या शेतकरी घरात मायलेकरांना आधार मिळाला. डेबूच्या वाट्याला शाळा आली नाही, गुरे आली. पहाटे उठावे, गोठा झाडावा, शेण उचलावे, शिदोरी बांधून गुरांमागे रानात जावे, असा त्याचा दिवस असे. गोठा झाडण्याचा हा परिपाठ महाराजांनी जन्मभर मोडला नाही. पुढे फक्त गोठ्याच्या जागी गाव आले.

दापुऱ्याचे शेत

हा प्रदेश पूर्णा नदीच्या खोऱ्यातला. जमीन काळी, कसदार आणि खोल. परंतु जमिनीखालचे पाणी खारट, म्हणून या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. विहिरीच्या पाण्यावर बागाईत करण्याची सोय येथे नाही. सारी मदार मृगाच्या पावसावर. कपाशी, ज्वारी, तूर ही पिके. पाऊस वेळेवर आला तर सोने, नाही तर माती. पावसाळ्यात ही काळी माती पायाला अशी चिकटते की बैलांनाही पाऊल उचलणे जड जाते, आणि उन्हाळ्यात तिला माणसाचा हात मावेल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत पीक काढायचे तर शेतकऱ्याला शेतातच राहावे लागते.

डेबूजी वयात आले तसे शेतातच राहिले. मामांनी गुरांचे काम काढून त्यांच्या हाती नांगर दिला आणि थोड्याच काळात घरची सारी शेती त्यांच्या अंगावर आली. वखरणी, पेरणी, डवरणी, निंदण, राखण यांपैकी कोणत्याही कामात ते मागे राहात नसत. कामाचा उरक असा की पंचक्रोशीत त्यांच्या मेहनतीचे नाव निघे. बैलांना ते जीव लावीत; स्वतः जेवण्याआधी जनावरांची वैरण झाली की नाही हे पाहीत. पूर्णेला पूर आला की पोहण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. रात्री गावच्या मंडळींना जमवून भजन करावे, टाळ वाजवावेत, आणि पहाटे पुन्हा शेताची वाट धरावी. पुढे दहा-दहा हजारांचा समाज तासन्‌तास खिळवून ठेवणारे कीर्तनकार घडले ते दापुऱ्याच्या या भजनांत.

सन १८९२ मध्ये कमालपूरच्या धनाजी खल्लारकर यांच्या कन्या कुंताबाई यांच्याशी डेबूजींचा विवाह झाला. घर, शेत, आई, पत्नी, मामाचे कुटुंब असा भरला संसार उभा राहिला.

सावकारी पाश

याच काळात घरावर संकट आले. चंद्रभानजींचा एका सावकाराशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. पैसे फेडले जात होते. पण पावती घेण्याची रीत नव्हती आणि कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येणारे घरात कोणी नव्हते. विश्वासावर अंगठे उठत गेले. शेवटी हिशेब निघाला तेव्हा कर्ज फिटले तर नव्हतेच, उलट जमिनीच सावकाराच्या नावावर गेल्या होत्या. हा धक्का चंद्रभानजींना सोसला नाही. त्यांनी अंथरूण धरले आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

वऱ्हाडातील किती घरांची अशी वाताहत त्या काळी झाली असेल याची गणती नाही. डेबूजींनी मात्र हाय खाल्ली नाही. मामाच्या पश्चात लहान मामेभाऊ, विधवा मामी, आई आणि पत्नी यांचा भार त्यांच्यावर होता. चरित्रकार सांगतात, की डेबूजींनी कसलेल्या शेतावर ताबा घेण्यासाठी सावकाराचे गडी नांगर घेऊन आले, तेव्हा डेबूजी एकटे काठी घेऊन उभे राहिले. गडी मागे फिरले. पुढे खुद्द सावकार माणसे घेऊन आला. तोही त्या निश्चयापुढे नमला आणि अखेर तडजोड होऊन जमिनीचा काही भाग घराकडे राहिला. सावकाराला गावाने प्रथमच मागे हटताना पाहिले होते. आज महाराजांची शांत, हातात खराटा घेतलेली मूर्ती पाहणाऱ्यास हा प्रसंग नवलाचा वाटेल. परंतु ज्या शेतावर जीव आहे त्याच्या बांधावर शेतकरी असाच उभा राहतो.

राखलेल्या त्या शेतात डेबूजींनी पुन्हा पीक उभे केले. १८९९-१९०० या वर्षी पडलेला दुष्काळ, ज्यास जुनी माणसे छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, त्याने वऱ्हाडाला फार जबर तडाखा दिला. त्यातूनही घर तगले. कन्या आलोका हिच्या बारशाला नातेवाईक जमले तेव्हा जातीच्या चालीप्रमाणे मद्य आणि मांसाचे जेवण अपेक्षित होते. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. नातेवाइकांत कुजबुज झाली, काही रुसले. डेबूजी बधले नाहीत. वडिलांना ज्या चालीने नेले ती आपल्या अंगणात येऊ द्यायची नाही, हा त्यांचा पण होता.

गृहत्याग

डेबूजींच्या मनात पालट केव्हा सुरू झाला, हे नेमके सांगता येणार नाही. दापुऱ्याकडे एक कथा सांगितली जाते. ज्वारी भरात आली असता डेबूजी माळ्यावरून पाखरे हाकीत होते. वाटेने जाणाऱ्या एका साधूने त्यांना विचारले, की हे धान्य तू निर्माण केलेस काय, आणि नसशील केले तर पाखरांचा वाटा अडविणारा तू कोण? डेबूजी निरुत्तर झाले. हा साधू कोण, कोठला, याविषयी निरनिराळ्या कथा आहेत. त्या बाजूला ठेवल्या तरी एवढे खरे, की शेतावर बसून रात्र-रात्र विचार करण्याची सवय त्यांना याच सुमारास लागली. आपले शेत आपण सावकारापासून राखले. पण गावोगाव ज्यांना राखता आले नाही त्यांचे काय? आपल्या अंगणातून दारू हाकलली. पण शेजारच्या अंगणातील दारूचे काय? अशा विचारांनी ते ग्रासले असावेत, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून वाटते.

दिनांक १ फेब्रुवारी १९०५ रोजी, पौष वद्य पक्षातील अंधाऱ्या पहाटे, घरची सर्व माणसे निजलेली असताना डेबूजींनी घर सोडले. वय अठ्ठावीस पूर्ण. अंगावर फाटके वस्त्र, हाती काठी आणि एक मातीचे मडके, एवढेच सोबत घेतले. सखूबाईंना सांगितले नाही, कुंताबाईंना सांगितले नाही. मागे वृद्ध होत चाललेली आई, तरुण पत्नी, लहान लेकरे, मामाचे घर आणि स्वतःच्या घामाने राखलेले शेत राहिले.

संतचरित्रांत गृहत्यागाचा प्रसंग पुष्कळदा सोहळ्यासारखा रंगविला जातो. या प्रसंगात मात्र कुंताबाईंच्या बाजूचे दुःख झाकून ठेवता येत नाही. सकाळी गोठ्यात जनावरे हंबरत असतील, शेतावरून कोणी परत आले नसेल, नदीकाठ आणि आसपासची गावे धुंडाळली गेली असतील. ज्याने शेत राखले तोच नाहीसा झाला होता. त्या घरातील स्त्रियांनी पुढे दारिद्र्यात दिवस काढले. महाराजांच्या कार्याचा पाया घालताना त्यांच्या कष्टांचे दगडही त्यात बसले आहेत.

वाटेवरचे दिवस

त्यानंतर सुमारे बारा वर्षे महाराज अखंड फिरत राहिले. ते कोठून कोठे गेले, याचा सलग वृत्तांत मिळत नाही. मुक्कामाला घर नाही, गावाला ओळख नाही. लोक त्यांना त्यांच्या वेषावरून नावे देत. कोणी गोधडेबुवा म्हणे, कोणी चिंधेबुवा, कोणी वट्टीसाधू. हातातील मडक्याच्या फुटक्या तुकड्यावरून, म्हणजे गाडग्यावरून, गाडगेबुवा हे नाव पडले आणि तेच टिकले. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे, आणि ऊन लागले की तेच डोक्यावर ठेवायचे.

परंतु शेत सोडले तरी शेतकरीपण सुटले नाही. वाटेत कोणी शेतकरी एकटाच काम करताना दिसला की महाराज न विचारता त्याच्या शेतात उतरत. निंदण असेल तर निंदत, मोळी असेल तर उचलून देत, मोट असेल तर बैल हाकीत. काम उरकल्यावर भाकरी आणि चटणी मागत. मजुरी देऊ केल्यास घेत नसत, आणि तो शेतकरी नाव विचारीपर्यंत पुढच्या वाटेला लागत. कोणी वेडा समजून हाकलले, कोणी चोर समजून मारले, असेही प्रसंग आले. एका शेतावरची माया सोडून आलेला हा माणूस साऱ्या मुलखातील शेते अशा रीतीने थोडी थोडी कसत होता.

गावात आल्यावर प्रथम खराटा हाती घ्यायचा, ही रीत पुढे ठरून गेली. गावची वेस, देवळासमोरचे आवार, पाणवठा, गटारे असे झाडता झाडता दुपार होई. लोक जमत, काही हसत, काही खराटा घेऊन सोबत येत. गाव स्वच्छ झाले की रात्री त्याच जागी कीर्तन. कीर्तनात पोथीतील कथा थोडी, प्रश्न फार. महाराज समाजाला प्रश्न विचारीत आणि उत्तरे समाजाकडूनच वदवून घेत. कर्ज काढून लग्न करू नका, देवाच्या नावाने मुके जनावर मारू नका, दारूला शिवू नका, जातीवरून माणसाला दूर लोटू नका, आणि घरातील भांडी विकावी लागली तरी मुलांना शाळेत घाला, हे त्यांच्या कीर्तनांचे विषय. स्वतः निरक्षर असलेल्या महाराजांनी शिक्षणावर एवढा भर द्यावा याचे काहींना आश्चर्य वाटे. चंद्रभानजींच्या घरातील न वाचता आलेला तो कागद ज्यांना ठाऊक होता, त्यांना ते वाटत नसे. पाया पडू पाहणाऱ्यास महाराज काठी दाखवीत. शिष्य केला नाही, मंत्र दिला नाही.

ऋणमोचनचा घाट

अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुक्यात पूर्णेच्या तीरावर ऋणमोचन हे क्षेत्र आहे. येथे मुद्‌गलेश्वराचे पुरातन देवस्थान असून पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. ऋणातून मुक्त करणारे तीर्थ, असा या नावाचा अर्थ. आणि ज्यांचे मामा ऋणापायी गेले ते महाराज आपले पहिले मोठे काम याच तीर्थावर करते झाले.

त्या वेळी नदीचा उतार काळ्या चिकण मातीचा होता. स्नान करून भिजलेल्या अंगाने वर येणारे यात्रेकरू चिखलात घसरून पडत. म्हाताऱ्या माणसांचे आणि लेकुरवाळ्या स्त्रियांचे फार हाल होत. प्रत्येक यात्रेत हे घडे आणि प्रत्येक यात्रेत लोक सोसून जात. महाराजांनी फावडे घेतले. काळ्या मातीशी त्यांचा जन्माचा परिचय होता. ती कोठे धरते, कोठे सरकते, पाणी कोठून वळवावे, भर कशाची घालावी, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. एकट्याने उतार खणून वाट करणाऱ्या त्या चिंध्या पांघरलेल्या माणसास पाहून एक-एक यात्रेकरू कामाला लागला. पुढे देणग्या जमून १९०८ च्या सुमारास तेथे घाट बांधला गेला. नंतरच्या काळात मंदिर आणि धर्मशाळा झाल्या. यात्रेत अंध, पांगळ्या व निराधार लोकांना जेवण आणि वस्त्रे देण्याचे सदावर्तही महाराजांनी तेथे सुरू केले.

दापुऱ्याच्या घरी महाराज नांदावयास परतले नाहीत. ऋणमोचनच्या यात्रेत घरच्या मंडळींशी त्यांची भेट होई. त्यांनी घरी यावे, शेत पाहावे, अशी विनवणी होणे स्वाभाविक होते. ती त्यांनी मानली नाही.

पंढरीची धर्मशाळा

महाराज पंढरीची वारी करीत, पण विठुरायाच्या गाभाऱ्यात जात नसत. लाखो वारकरी दर्शनाच्या ओढीने देवळाकडे चालू लागले की महाराज उलट दिशेने वाळवंटात जात आणि चंद्रभागेच्या काठची घाण उपसत. आवश्यकता कोठे आहे, हे पाहून तेथे उभे राहण्याची त्यांची ही रीत होती.

त्या वाळवंटात त्यांना आणखी एक गोष्ट दिसे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना त्या काळी देवळात प्रवेश नव्हताच. गावात निवाऱ्याची जागाही नव्हती. आषाढाच्या पावसात आणि कार्तिकाच्या थंडीत ते उघड्यावर पडत. हे देऊळ सर्वांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. महाराजांनी त्याच्या कितीतरी आधी, १९१७ पासूनच्या काळात, पंढरपुरात या वारकऱ्यांसाठी श्री संत चोखामेळा यांच्या नावाने धर्मशाळा उभी केली. देवळाच्या पायरीशी ज्यांची समाधी आहे त्या चोखोबांचे नाव तिला देण्यात महाराजांचे सारे म्हणणे आले. ही वास्तू पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी सुपूर्द केली. डॉ. आंबेडकरांविषयी महाराजांना अत्यंत आदर होता आणि तो परस्पर होता.

पंढरपूरपाठोपाठ नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्रांच्या ठिकाणी धर्मशाळा झाल्या. लाखो रुपये जमले. स्वतःच्या हातात महाराजांनी पैसा राहू दिला नाही. देणगी घ्यावयाची ती विश्वस्तांनी, हिशेब ठेवावयाचा तो विश्वस्तांनी. मूर्तिजापूर येथे गोरक्षण संस्था स्थापन झाली. दापुरे याच तालुक्यातले. ज्या मुलखात त्यांनी दुसऱ्यांची गुरे राखली होती तेथेच म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या जनावरांना वैरण-पाण्याची सोय झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या खेड्यांतील रुग्णांचे नातेवाईक रस्त्याच्या कडेला झोपत. त्यांच्यासाठी १९५४ मध्ये धर्मशाळा झाली. दिनांक ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन सर्व संस्थांची व्यवस्था तिच्याकडे आली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्यासही महाराजांचे पाठबळ होते. रयत शिक्षण संस्थेच्या कराड येथील महाविद्यालयास १९५४ मध्ये महाराजांचेच नाव देण्यात आले.

घरची माणसे

एवढ्या वास्तू उभ्या राहिल्या. त्यांपैकी एकीतही महाराजांनी स्वतःसाठी खोली ठेवली नाही. धर्मशाळेत मुक्काम पडला तरी ते ओसरीवर किंवा बाहेर झाडाखाली निजत. आपल्या नातलगांचा कोणत्याही संस्थेवर हक्क राहणार नाही, असा त्यांचा कडक दंडक होता. कुंताबाईंनाही तो लागू होता. ज्या धर्मशाळांत हजारोंची सोय झाली त्यांच्या भिंतीबाहेर, झोपडीत राहून, कष्ट करून त्यांनी आयुष्य काढले. हा दंडक फारच कठोर होता, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण लोकांनी पै-पैसा देवाच्या नावाने दिला तो घराकडे वळला असा संशयही महाराजांना चालणारा नव्हता.

सन १९२३ मध्ये पुत्र गोविंदा याला कुत्रा चावला आणि त्यातच त्याचा अंत झाला. महाराज त्या वेळी कोकणात खारेपाटण येथे होते आणि कीर्तन चालू असताना वार्ता आली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. ही कथा महाराष्ट्रात मोठ्या आदराने सांगितली जाते. सांगताना सांगणाऱ्याचा कंठ दाटून येतो तो महाराजांच्या धैर्यासाठी जितका, तितकाच त्या मातेसाठी, जिच्याजवळ त्या दिवशी महाराज नव्हते.

अखेरचा प्रवास

वयोमानाने प्रकृती थकली तरी भ्रमण थांबले नाही. पायी चालणे होईना तेव्हा भक्तांनी मोटार दिली आणि तीच त्यांचे घर झाली. दिनांक ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर झालेले कीर्तन हे त्यांच्या अखेरच्या कीर्तनांपैकी एक असून ते ध्वनिमुद्रित झाले आहे. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, दिनांक २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच महाराजांची प्राणज्योत मालवली. पेढी ही पूर्णेचीच उपनदी. दापुरे सोडल्यानंतर एक्कावन्न वर्षांनी, त्याच खोऱ्यातील काळ्या मातीच्या मुलखात, पण वाटेवरच त्यांचा अंत झाला.

आपली मूर्ती करू नये, समाधी वा मंदिर बांधू नये, जेथे देह पडेल तेथेच अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. भक्तांच्या प्रेमाने ती पूर्णपणे पाळली गेली नाही. अमरावती शहरात ज्या भागात त्यांचे समाधिस्थळ आहे, तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

प्रबोधनकार ठाकरे यांनी महाराजांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले, आणि त्यांच्यासोबत काही काळ भ्रमण केलेल्या गो. नी. दांडेकरांनीही त्यांच्यावर पुस्तक लिहिले. १९७७ मध्ये निघालेल्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी महाराजांची भूमिका केली. १९९८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०००-०१ पासून महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राबविले, आणि २००५ मध्ये अमरावती विद्यापीठास महाराजांचे नाव देण्यात आले.

यात्रेकरूंसाठी

दापुऱ्यास जाण्यासाठी मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मूर्तिजापूर स्थानकावर उतरावे; गोरक्षण संस्था याच गावी आहे. ऋणमोचन अमरावतीहून भातकुली तालुक्यात, पूर्णेच्या काठी असून पौषातील रविवारी तेथे मोठी गर्दी असते. यात्रेस जाणाऱ्यांनी नदीवर उतरताना घाटाच्याच बाजूने उतरावे. अमरावतीहून वलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेढी नदीचा पूल लागतो. शेंडगाव येथील जन्मस्थानास अंजनगाव सुर्जीच्या बाजूने जावे. धर्मशाळांत उतरणाऱ्या भाविकांनी आपली जागा निघण्यापूर्वी स्वतः झाडून द्यावी.